वरचा एक रुपया

६ ऑगस्ट, बुधवार

पंचवीस हजार! परत पंचवीसच!

मेपर्यंत पस्तीसच्या खाली कधी आले नव्हते. अजिनाथ फेब्रुवारीत ओमानला गेला पोकलेन चालवायला, तेव्हाच ठरलं होतं. महिन्याला एकशे साठ रियाल घरी, उरलेल्यात त्याचं खाणंपिणं. (समोर ‘अहो’, इथं अजिनाथ. इथं कोण बघतंय!) चार महिने सगळं सरळ. जूनपासून काय झालं कुणास ठाऊक. रियाल तेवढेच, रुपये कमी.

पैसे येतात वाल्मिक भाऊजींच्या खात्यावर. धाकटा दीर. माझं खातं आहे की, शिवणकामाचे पैसे टाकते त्यात. पण आत्याबाई म्हणाल्या, बाईच्या खात्यावर परदेशाचा पैसा नको, चौकशा लागतात. सासू म्हणाली म्हणजे संपलं. भाऊजी बँकेतून काढून आणतात, आत्याबाई देव्हाऱ्यापुढं ठेवतात, हळदकुंकू वाहतात, मग माझ्या हातात. देवापुढं यायच्या आधी किती होते ते देवालाच ठाऊक.

आज विचारलंच. “भाऊजी, इतके कमी का?”

“वैनी, रुपया घसरलाय. टीव्हीवर रोज सांगत्यात. रुपया पडला की पैसं बी कमीच पडनार की!”

आणि चहा न घेता गेले. चहा न घेता! हा माणूस तापात असला तरी चहा सोडत नाही.

७ ऑगस्ट

टीव्हीवर खरंच दाखवलं. लाल बाण, खाली तोंड करून. रुपया घसरला. असेल बाबा.

१० ऑगस्ट, रविवार

अजिनाथचा फोन. आवाज बारीक. मी म्हटलं, पैसे कमी येतात. मग म्हणतो, “व्हय, वाल्मिक म्हणला. रुपया पडलाय.” अरे, तू पाठवणारा! तुला वाल्मिकनं सांगावं लागतं?

चेहरा दाखवा म्हटलं तर मोबाईलचा कॅमेरा गेलाय. दोन महिने झाले कॅमेरा जाऊन. सत्तू फोनला चिकटून बसली होती, “पप्पा, मी चौकोनात दिसते का?” पप्पा म्हणाले, “दिसतीस की.” आठवीतली पोर. तिला काय कळत नाही असं थोडंच आहे, पण तरी ती टाटा करत राहिली.

मला सगळे संशयी म्हणतात. माहेरी म्हणायचे, सासरी म्हणतात. म्हणोत. दूध उकळलं की उतू जातं, हे मी ठरवलेलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आज डोक्यावरून पाणी गेलं.

अंबिका मॅडम ब्लाऊजच्या मापाला आल्या होत्या. ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवतात. बोलता बोलता मी म्हटलं, काय करता मॅडम, रुपया घसरला, आमचे पैसे कमी झाले. मॅडमनी हात खाली केले. टेप माझ्या हातातच राहिली.

“पंकजा, अगं उलटं सांगतेस! रुपया घसरला तर तुला जास्त मिळायला पाहिजेत.”

मला वाटलं मॅडमचंच काहीतरी चुकतंय. रुपया पडला, मग जास्त कसे? पडलेल्या वस्तूचं वाढतं का कधी?

मग त्यांनी समजावलं. म्हणाल्या, “तुझा नवरा काय करतो? रियाल विकतो. तू कांदा विकतेस असं समज. कांद्याचा भाव वाढला तर तुला कमी मिळतात का?”

“नाही.”

“तसंच हे. रुपया घसरला म्हणजे एका रियालला जास्त रुपये मोजावे लागतात. मोजणारा रडतो. बाहेरून तेल आणणारा रडतो, पोरगं परदेशात शिकवणारा रडतो. तू विकणारी आहेस. तू पेढे वाट!”

मोबाईलवर काढून दाखवलं. मे महिन्यात एक रियाल दोनशे एकवीसच्या आसपास. आज दोनशे एकोणतीस. भाव वर चाललाय आणि माझे पैसे खाली!

मी म्हटलं, मधे कोणी कापत असेल. त्या म्हणाल्या, कापतात थोडं. मोबाईलवरचा भाव म्हणजे मार्केट यार्डातला फळ्यावरचा भाव. हिशेबाची पट्टी हातात येते तेव्हा हमाली, तोलाई गेलेलीच असते ना? तसा तिकडचा पैसे पाठवणारा खिडकीवाला भाव जरा कमी देतो, वर त्याची फी. “पण किती? एकशे साठ रियालमागं चार-पाचशे रुपये धर. दहा-अकरा हजार कोणी कापत नाही.”

मॅडम गेल्या. मी मशीनवर बसले आणि एकशे साठ गुणिले दोनशे एकोणतीस केलं. छत्तीस हजार सहाशे चाळीस. परत केलं. तेवढेच. माझ्या हातात आले पंचवीस.

अकरा हजार रुपये. आणि कापणारा ओमानात नाही, माझ्या घरात पाटावर बसून भाकरी खातो.

११ सप्टेंबर

दोनशे एकोणतीस. कपड्यावर खुणा करायच्या खडूनं दुकानाच्या फळीवर लिहून ठेवला. आता रोज लिहिणार.

१९ सप्टेंबर

ब्लाऊज टाकायला आलेली राहीबाई फळीवरचा आकडा बघून विचारते, “ह्यो काय नवीन शिलाईचा रेट का गं?” मी म्हटलं हो. घाबरून गेली बिचारी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

भाऊजींनी गाडी आणली! जुनी आहे, पण आणली. राजेश्वरीनं, माझ्या जावेनं, टाकीवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मला म्हणते, “माझ्या बापानं दिली, वैनी.” तिचा बाप मुलीच्या लग्नात जावयाला साधं घड्याळ देताना घाम पुसत होता!

नारळाचा तुकडा तोंडात घातला आणि थुंकून टाकला. कोणी बघितलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज चोवीस हजार. भाव दोनशे तीसला टेकलाय, आणि चोवीस!

मी भाऊजींना विचारलं, मुद्दाम, सगळ्यांसमोर. “काय म्हणतो भाऊजी रुपया?”

“पडतूय वैनी. लईच पडतूय.”

“आणि किती पडला की आमाला पैसे द्यायला लागतील?”

राजेश्वरी हसली. आत्याबाई नाही हसल्या. “मनात काय असंल त्ये सरळ बोल,” म्हणाल्या. बोलेन. सरळच बोलेन. पण माझी माणसं बसवून.

भाऊजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वाईट याचं वाटतं की माझं लग्न झालं तेव्हा हा पोरगा दहावीत होता. याच्या डब्यात मी तूप घालून भाकरी बांधायचे.

१२ ऑक्टोबर

अजिनाथला फोन. “खरं सांगा, तुम्ही रियाल किती पाठवता?” म्हणतो एकशे साठ. मी म्हटलं, तिकडं खिडकीत किती भाव मिळाला? तर म्हणतो, “त्ये... बघून सांगतो.” पैसे भरणाऱ्या माणसाला भाव माहीत नाही?

भावाला वाचवतोय. रक्त पाण्यापेक्षा घट्ट म्हणतात ते असं. बायको मेली तरी चालेल, भावाचं नाव नको यायला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज सगळं विसरावं असं वाटलं.

सकाळी मोबाईलवर बँकेचा मेसेज. माझ्या खात्यावर! पाच हजार एक रुपये जमा. पाठोपाठ अजिनाथचा फोन. “ओवाळनी हाय. पाडव्याची ओवाळनी भावाच्या हातानं कशी देऊ? म्हनून तुझ्याच खात्यावर टाकली.” लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसानं शंभराच्या वर कधी ताटात टाकले नव्हते!

मी मोबाईल पाटावर ठेवला आणि मोबाईललाच ओवाळलं. सत्तू हसून हसून लोळली. आत्याबाई डोळे पुसत होत्या. राहीबाईला मेसेज दाखवला. अंबिका मॅडमनाही दाखवला. लाज सोडून दाखवत फिरले, खरं आहे.

भाऊजी मात्र मेसेज बघून पांढरेफटक पडले. “तुमच्या खात्यावर टाकलं?” एवढंच म्हणाले. जळला असेल. आता वाटेत कापायला मिळणार नाही ना!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बजरंगदादा आला. ओवाळायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. रियाल, कांदा, अकरा हजार, गाडी. दादा म्हणजे आगीचा बंब नव्हे, आगच. “रविवारी बसू. मी आपली दोघं जुनी माणसं आनतो, तिकडनं पुंजाराम नानांना बोलवा. सगळ्यांसमोर ओकायला लावतो त्याला. आन वाटनी करून टाकू.” माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. पुंजाराम नाना म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. दुपारीच निरोप धाडला.

मग ओवाळलं. दादानं ताटात पाचशेची नोट टाकली आणि खिसे चाचपायला लागला. या खिशात नाही, त्या खिशात नाही. “थांब, वरचा रुपया ऱ्हायला.” शेवटी सत्तूनं गल्ल्यातून रुपया आणून दिला.

दादा गेला. भांडी घासायला बसले आणि हात थांबला.

अजिनाथला वरचा रुपया कुठं मिळाला?

मी महिना-दीड महिना रियालचे रुपये करतेय. दहा रियालचे करा, वीसचे करा, बावीसचे करा — हजाराचा गोल आकडा कधी आलेला नाही. मेपर्यंतसुद्धा पस्तीस हजार आठशे बारा, पस्तीस हजार तीनशे एकोणसाठ, असलेच आकडे यायचे. पाच हजार आणि वर नेमका एक? आणि जूनपासूनचे बघा. सव्वीस हजार. पंचवीस हजार. चोवीस हजार. मला वाटलं भाऊजी वरचं काढून गोल करतात. पण हे पाच हजार एक तर भाऊजींच्या हाताला लागलेच नाहीत!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकान बंद ठेवून बँकेत गेले.

खिडकीतली मुलगी चांगली होती. मी म्हटलं, ताई, हे पैसे ओमानवरून आले का बघा. तिनं बघितलं. “नाही हो. परदेशातून काही आलेलं नाही. हा रोख भरणा आहे. कोणीतरी शाखेत येऊन रोख रुपये भरलेत.”

“कुठल्या शाखेत?”

“अकोले.”

मी परत विचारलं. अकोले. आपल्याच जिल्ह्यातलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, घाटातलं. तिथं खिडकीत कोणीतरी उभं राहून पाच हजारांच्या नोटा दिल्या, आणि वर खिशातून एक रुपयाचं नाणं काढून ठेवलं.

घरी कशी आले आठवत नाही.

संध्याकाळ

अकोल्यात कोण आहे त्याचं? बाई असेल. दुसरं काय असणार! चार-पाच महिने इथून दीडशे-दोनशे किलोमीटरवर राहतो आणि मला सांगतो, इथं लई ऊन हाय गं. अर्धे पैसे तिला, अर्धे मला. मला पाडव्याला पाच हजार एक, तिला किती?

भाऊजींना माहीत आहे. सगळं माहीत आहे. म्हणून पांढरे पडले. मी त्यांना चोर म्हणत होते, ते चोर नाहीत, त्याहून वाईट आहेत.

रविवारी दोघांनाही उघडं पाडते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि फोन लावला.

“तिकडं किती वाजले?” विचारलं.

तो थांबला. ओमानचं घड्याळ दीड तास मागं, तेवढं वजा करत होता. मला ऐकू येत होतं त्याचं वजा करणं. “साडेनऊ वाजल्यात की सकाळचं,” म्हणाला.

“आणि अकोल्यात?”

मागं पोकलेनचा आवाज. मग रडण्याचा. मी चौदा वर्षांत त्याला रडताना ऐकलं नव्हतं, म्हणून आधी कळलंच नाही काय आहे ते.

बाई नाही. कंपनी बुडाली. एप्रिलनंतर पगारच नाही, मेचे पैसे त्यानं उसने घेऊन पाठवले होते. जूनमध्ये कॅम्पातली सगळी माणसं परत धाडली. एजंटचा फोन बंद. बारा तारखेला पहाटे हा आपल्या मिरजगावच्या स्टँडवर उतरला. उतरला होता! घर पायी दहा मिनिटांवर. मी तेव्हा चूल पेटवत असेन.

“समोर माझाच फ्लेक्स,” म्हणाला. फेटा बांधलेला फोटो, ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली भावकीतली पन्नास नावं. भाऊजींनीच लावला होता तो, हौसेनं. “त्याच्याखाली मी पिशवी घेऊन हुबा. पाच मिनटात कुनीतरी वळखलं असतं. आलेल्या गाडीत परत बसलो.” कॅम्पात याच्यासोबत अकोल्याचा एक माणूस होता, त्यानं रस्त्याच्या कामावर लावून दिलं. फोन करतो तो ओमानच्या नंबरच्या व्हॉट्सॲपवरून; बँकेला जोडलेलं इकडचं जुनं सिम केव्हाच बंद पडलंय, मजुरी हातात मिळते. म्हणून रोख भरणा. वाल्मिकला तेवढं सांगितलं, आणि शपथ घातली. मला द्यायचं कारण काय, तर भाऊजींनी बातम्यांत ऐकलं, रुपया घसरला. दोघा भावांना वाटलं, घसरला म्हणजे कमीच मिळत असणार! शहाणे!

मी शिव्या दिल्या. ज्या येतात त्या सगळ्या दिल्या. मग मीही रडले. “मला का नाही सांगितलं?” तर म्हणतो, “तू सगळ्यांला भाव सांगत फिरतीस, सत्तू म्हनली. कसं सांगू?”

उद्या दादा माणसं घेऊन येतोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

माणसं आली. चहा झाला. दादा पुढं सरकून बसला होता, बाह्या वर. भाऊजी खांबाला टेकून, मान खाली. आत्याबाई दारात. राजेश्वरी गाडीचे कागद मुठीत धरून. गाडी खरंच तिच्या बापानं दिलेली, पावतीवर त्याचंच नाव.

पुंजाराम नाना म्हणाले, “बोल पोरी. काय तक्रार हाय तुझी?”

मी आत्याबाईंकडं बघितलं. प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला ही म्हातारी ‘माझा ओमानचा’ म्हणून सुरुवात करते. आणि खरं सांगू? मीही काही कमी नाही मिरवले.

“नाना,” म्हटलं, “मला वाटलं रुपया घसरला की पैसे जास्त येतात. भाऊजी म्हणत होते कमी येतात. मी आता नीट विचारून घेतलं. भाऊजींचंच बरोबर. माझी चूक झाली.”

मग दादा भडकला, “ह्याच्यासाठी दिवाळीचं माणसं गोळा करायला लावली व्हय गं!” आणि नाना हसले. “जाऊ द्या. बायामान्सांना ह्यातलं काय कळतं?”

गिळलं. कसं गिळलं माझं मला माहीत.

सगळे उठल्यावर भाऊजी स्वयंपाकघरात आले, डोळे भरलेले. “वैनी...” मी म्हटलं, “तुमी गप बसा! खोटं बोलायचं तर आधी भाव तरी शिकून घ्यायचा!”

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच अजिनाथला फोन केला. म्हटलं, “या महिन्याला गोल आकडा टाकायचा नाही. पंचवीस हजार सहाशे त्रेचाळीस टाका. पगार कापला, एकशे तेरा रियालच उरतात, असं मी घरी सांगितलंय. आजचा भाव दोनशे तीस, खिडकीवाल्याचं कापून एवढेच होतात.” तो म्हणाला, “एवढं सुट्टं कशापायी?” म्हटलं, ओमानवरून असेच येतात. माफ केलेलं नाही, तेही सांगितलं.